कपाटातला ड्रॅक्युला: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९५७ साली अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने भयपट आणि रहस्यपट ‘शॉक’ या नावाने दूरचित्रवाणी केंद्रांना एकगठ्ठा देण्यात आले. १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ एका नव्या पिढीने घरबसल्या पाहिले. पुढच्याच वर्षी ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक सुरू झाले. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट हेम्पस्टेड इथल्या ऑरोरा कंपनीने हा उत्साह ओळखून फ्रँकेन्स्टाइनचे जोडणी-किट काढले. त्यावर १९६१ हे साल आहे आणि त्याची किंमत होती ९८ सेंट. लुई मार्क्स यांच्या कंपनीने १९६३ मध्ये राक्षसांच्या सहा इंची आकृत्या बाजारात आणल्या. जपानमध्ये मारुसान कंपनीने १९६६ पासून मऊ व्हिनिलचे गॉडझिला बनवायला सुरुवात केली.

मुलांनी खाऊच्या पैशांतून घेतलेल्या या वस्तू आज लिलावात विकल्या जातात आणि परदेशातून भारतातही मागवल्या जातात. त्यांच्याबरोबर अफवाही येतात. किमतीबद्दलच्या अफवांनी पैसा बुडतो आणि निगेबद्दलच्या अफवांनी वस्तूच हातची जाते. यातल्या बऱ्याच गैरसमजांमागे दोन गृहीतके आहेत. ‘जुने’ ही एकच किंमत आहे हे पहिले, आणि ‘प्लॅस्टिक’ हा एकच पदार्थ आहे हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत.

“साठ वर्षे जुने आहे, म्हणजे मौल्यवान असणारच.”

घरातले सोने किंवा जुनी नाणी काळाबरोबर महाग होताना सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून खेळण्यांनाही तोच नियम लागू असेल असे वाटते. प्रत्यक्षात ऑरोराची राक्षस-किट लाखोंच्या संख्येने विकली गेली आणि फ्रँकेन्स्टाइन किंवा वुल्फ मॅनचे जोडलेले नग आजही सहज मिळतात. याउलट १९६५ चे ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९६६ चे ‘गॉडझिलाज गो-कार्ट’ ही किट त्या काळी फारशी खपली नाहीत. म्हणूनच त्यांचे मूळ, पूर्ण नग आज दुर्मीळ आहेत. वयात जेमतेम चार-पाच वर्षांचा फरक आणि किमतीत मात्र प्रचंड अंतर. केनर कंपनीचा अठरा इंची ‘एलियन’ तर १९७९ चा आहे. तरीही खोक्यासह असलेला त्याचा पूर्ण नग मार्क्सच्या सुट्या आकृतीपेक्षा कितीतरी महाग विकला जातो. मूल्य ठरवताना तीन प्रश्न विचारावे लागतात: मुळात किती नग बनले, त्यांतले किती पूर्ण अवस्थेत उरले आणि आज ते कितीजणांना हवे आहेत. वय या तिन्हींवर थोडाफार परिणाम करते, पण यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

“तळाशी जे साल कोरले आहे, त्याच साली तो नग बनला.”

हा समज सर्वांत महागात पडतो. वस्तूवरच कोरलेली तारीख हा पक्का पुरावा वाटणे स्वाभाविक आहे, कारण कागद बदलता येतो, साच्यातून उमटलेली अक्षरे सहसा कोणी बदलत नाही. पण ते साल साच्याचे किंवा स्वामित्वहक्काचे असते. साचा धातूचा असतो, दशकानुदशके टिकतो आणि त्यातून निघणारा प्रत्येक नग तेच साल घेऊन जन्माला येतो. मार्क्सच्या १९६३ च्या आकृत्या मूळ साच्यांतून पुढच्या काळात पुन्हा काढल्या गेल्या. मोनोग्राम कंपनीने १९८३ मध्ये ऑरोराच्या साच्यांतून फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला, ममी आणि वुल्फ मॅन पुन्हा बाजारात आणले. जपानमध्ये मारुसानचे साचे बुलमार्क कंपनीने वापरले. त्यामुळे साल वाचून थांबू नये. प्लॅस्टिकचा रंग आणि जात, माहितीपत्रकाचा कागद, खोक्यावरचे बोधचिन्ह आणि खोक्याचा आकार यांची एकमेकांशी सांगड बसते का ते पाहावे. ऑरोराचे साठच्या दशकातले खोके लांबट होते, तर १९७२ पासूनच्या अंधारात चमकणाऱ्या मालिकेचे खोके चौकोनी होते. लांबट खोक्यात नंतरच्या उत्पादनाचा नग ठेवलेला असेल, तर ती जोडी कोणीतरी मागाहून जमवलेली आहे. तसे जमवणे गुन्हा नाही, पण मूळ जोडीची किंमत तिला देऊ नये.

“ऑरोराचे सगळे साचे रेल्वे अपघातात नष्ट झाले, म्हणून उरलेले नग अमोल.”

ही कथा इतकी नाट्यमय आहे की सांगणाऱ्याला ती तपासावीशी वाटत नाही, शिवाय तिच्या मुळाशी खरा व्यवहार आहे. ऑरोरा १९७१ मध्ये नाबिस्को या खाद्यपदार्थांच्या कंपनीकडे गेली. १९७७ मध्ये तिचे साचे मोनोग्रामने विकत घेतले आणि ते न्यूयॉर्कहून इलिनॉयला नेण्यात आले. त्या प्रवासात गाडी रुळांवरून घसरून काही साच्यांचे नुकसान झाल्याचे सांगितले जाते. पण मोनोग्रामने त्यानंतर मूळ साच्यांतून राक्षस काढले, यावरूनच ‘सगळे नष्ट झाले’ हा दावा कोसळतो. ज्या किटचे साचे वापरात राहिले नाहीत, तीही कायमची संपली नाहीत. नव्वदच्या दशकात पोलर लाइट्स कंपनीने आणि नंतर मोबियस कंपनीने जुन्या सुट्या भागांवरून नवे साचे घडवून ती परत आणली. ‘गॉडझिलाज गो-कार्ट’ही त्यांत होते. पुनर्निर्मितीमुळे मूळ नगाची किंमत शून्य होत नाही, पण ‘असे पुन्हा कधीच बनणार नाही’ या वाक्यावर जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मात्र उरत नाही.

“पारदर्शक वेष्टन शाबूत आहे, म्हणजे माल अस्सल आणि पूर्ण आहे.”

कारखान्यातून निघाल्यापासून खोका कोणी उघडलेलाच नाही, ही कल्पना संग्राहकाला मोहात पाडते. पण उष्णतेने आकसणारे वेष्टन चढवणारे यंत्र कोणालाही विकत घेता येते, आणि उघडलेला खोका नव्याने गुंडाळणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे. खरे जुने वेष्टन ओळखायला त्याचा शिवणीचा जोड, हवा जाण्यासाठीची छिद्रे, धूळ आणि किंमतपट्टीची जागा पाहावी लागते, आणि त्या कंपनीच्या त्या काळातल्या इतर नगांशी तुलना करावी लागते. नवे वेष्टन आणि त्याखाली झिजलेले कोपरे असा विसंवाद दिसला तर संशय घ्यावा, कारण वेष्टनाच्या आत कोपरे झिजत नाहीत. वेष्टन अस्सल निघाले तरी प्रश्न संपत नाहीत. वर्षानुवर्षे आकसत गेलेले वेष्टन खोक्याच्या कडा आत ओढून तो वाकवते. आतल्या भागांची स्थितीही कळत नाही. सीलबंद नगासाठी जास्त किंमत द्यायची असेल तर ती न पाहिलेल्या गोष्टीची किंमत आहे हे जाणून द्यावी.

“अतिनील टॉर्चखाली कागद चमकला, तर खोका नकली.”

या समजाला शास्त्राचा आधार असल्यासारखे वाटते, आणि अर्धा आधार खरोखर आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी प्रकाशवर्धक द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. ही द्रव्ये साधारण पन्नासच्या दशकात सर्रास वापरात आली. त्यामुळे १९३१ च्या चित्रपटाचे म्हणून विकले जाणारे भित्तिपत्रक चमकले, तर संशय घेणे योग्यच आहे. पण ऑरोराचे खोके साठच्या दशकातले आहेत. त्या काळचा अस्सल कागदही चमकू शकतो आणि आजचा साधा पुठ्ठा न चमकताही असू शकतो. इथे टॉर्चपेक्षा भिंग जास्त उपयोगी पडते. जुन्या ऑफसेट छपाईत चित्र सुबक रांगांतल्या रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते आणि काळी अक्षरे सलग, धारदार कडांची असतात. घरगुती इंकजेटवर काढलेल्या नकलेत तुषार विखुरलेले दिसतात. मूळ छापील खोका स्कॅन करून पुन्हा छापला असेल तर अक्षरांच्या कडाही ठिपक्यांत फुटतात. जेम्स बामा यांनी रंगवलेल्या चित्रांमुळे या खोक्यांना स्वतंत्र मागणी आहे, म्हणून त्यांच्या नकलाही भरपूर आहेत. चांगल्या स्थितीतला मूळ खोका कित्येकदा आतल्या प्लॅस्टिकइतकाच महत्त्वाचा ठरतो.

“संकेतस्थळावर जी किंमत दिसते, तेच मूल्य.”

आकडा डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो खरा वाटतो. पण ती विक्रेत्याची अपेक्षा असते आणि अपेक्षा कितीही मोठी ठेवता येते. न विकला जाता वर्षभर पडून असलेला नग त्या किमतीला ग्राहक नसल्याचाच पुरावा देतो. मूल्यमापनासाठी पूर्ण झालेल्या विक्रीच्या नोंदी घ्याव्यात. त्याही एकाच नव्हे, अनेक, आणि तुलना समान स्थितीच्या नगांचीच करावी. दोन हट्टी बोलीदारांच्या चढाओढीत एका संध्याकाळी मिळालेली विक्रमी किंमत तिसऱ्या ग्राहकाला बांधील नसते. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क धरले आहे की नाही, हेही पाहावे लागते. विम्यासाठी काढलेले मूल्य हे तसाच नग पुन्हा मिळवण्याचा खर्च दाखवते, त्यामुळे ते विक्रीतून हाती येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असते. परदेशातून नग मागवणाऱ्याने टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळे लिहून ठेवावे. तो खर्च खिशातून जातो, पण वस्तूचे मूल्य त्यामुळे एका रुपयानेही वाढत नाही.

“एखादा बारीक भाग नसला तर काय बिघडते?”

दुरून पाहिले तर काहीच बिघडलेले दिसत नाही, म्हणून विक्रेता हे वाक्य अगदी प्रामाणिकपणे बोलू शकतो. पण हरवण्याजोगे भाग बहुतेक नगांत हरवलेलेच असतात आणि पूर्ण नगाची दुर्मीळता नेमकी त्यांच्यावर उभी असते. केनरच्या ‘एलियन’च्या डोक्यावर पारदर्शक घुमट आहे. तो सुटतो, तडकतो, हरवतो. जबड्याची यंत्रणा आणि पाठीवरचे काटे मुलांच्या हातांत मोडलेले असतात. घुमटाच्या नव्या नकला विकत मिळतात, म्हणून ‘पूर्ण’ असे लिहिलेल्या नगाचा प्रत्येक भाग मूळ आहे का, हे विचारावे. याच्याच उलट टोकाला ‘एकदा जोडलेले किट म्हणजे भंगार’ असाही समज आहे आणि तोही चूक आहे. साठच्या दशकात ही किट जोडण्यासाठीच विकली जात होती. नीट जोडलेल्या, पूर्ण नगांना आपला असा ग्राहक आहे, आणि दुर्मीळ किटच्या बाबतीत मोडका नगही सुट्या भागांसाठी विकला जातो.

“प्लॅस्टिक कधी खराब होत नाही.”

प्लॅस्टिकचा कचरा शेकडो वर्षे राहतो हे आपण सतत ऐकतो आणि त्यावरून हा निष्कर्ष निघतो. कचरा म्हणून टिकणे वेगळे. आकार, रंग आणि लवचीकता राखून टिकणे वेगळे. ऑरोराची किट पॉलिस्टायरिनची आहेत. ते कडक असते, टिचकी मारली की खणखणीत वाजते, प्रकाशात पिवळे पडते आणि ठिसूळ होते. जपानी गॉडझिला मृदू केलेल्या पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनिलचे आहेत. त्यांतला मऊपणा प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रव्यामुळे येतो. अशा पीव्हीसीत हे द्रव्य वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकते. ते रासायनिक बंधाने जखडलेले नसते, म्हणून हळूहळू बाहेर येते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगतात, तर पॉलिस्टायरिन आणि पीव्हीसी बुडतात. न रंगवलेल्या सुट्या तुकड्यावर ही निरुपद्रवी चाचणी करता येते. तापलेल्या सुईने टोचून किंवा तुकडा जाळून पाहण्याचे सल्ले मात्र साफ नाकारावेत. त्यांनी नगाची हानी होते, आणि पीव्हीसी जळताना निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो. प्लॅस्टिकच्या या विघटनाचा अभ्यास संग्रहालयांत गांभीर्याने होतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या संशोधक इव्हॉन शाशुआ यांनी तर प्लॅस्टिकच्या जतनावर ग्रंथच लिहिला आहे.

“चिकट झालेला नग मळलेला असतो, घासून धुतला की झाले.”

चिकटपणावर धूळ बसते, हाताला काळे लागते, त्यामुळे तो मळच वाटतो. मऊ व्हिनिलच्या बाबतीत तो आतून पृष्ठभागावर आलेला प्लॅस्टिसायझर असतो. गरम पाण्याने, स्पिरिटने किंवा थिनरने तो काढला की नग काही दिवस कोरडा दिसतो. पण उष्णता आणि द्रावक आतले आणखी द्रव्य बाहेर ओढतात. शेवटी व्हिनिल आकसते, कडक होते, सांध्यांशी चिरते, आणि कारखान्यात फवारलेला रंग निघून जातो तो वेगळाच. टाल्कम पावडर चोपडण्याची युक्तीही लोकप्रिय आहे, कारण ती क्षणात गुळगुळीतपणा देते. पावडर ते तेल शोषून लगदा बनते आणि नक्षीच्या खाचांत बसते. योग्य उपाय साधा आहे. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकावा, त्यात मऊ कापड ओले करून घट्ट पिळावे, रंगाचा भाग टाळून हलक्या हाताने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. त्यानंतर नग थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. चिकटपणा कालांतराने परत येईल. त्याचा वेग कमी करणे एवढेच हाती असते.

“सगळे प्लॅस्टिकच आहे, मग एका फळीवर ठेवायला हरकत काय?”

सजावटीच्या दृष्टीने ही मांडणी नैसर्गिक आहे: फ्रँकेन्स्टाइनशेजारी गॉडझिला. पण व्हिनिलमधून बाहेर आलेले प्लॅस्टिसायझर पॉलिस्टायरिनला मऊ करते. व्हिनिलची शेपटी ऑरोराच्या तळपाटाला काही महिने टेकून राहिली, तर त्या जागी वितळल्यासारखा खड्डा पडतो. जुन्या मोटारींची किट बाळगणाऱ्यांना हे ठाऊक असते, कारण व्हिनिलच्या टायरने पॉलिस्टायरिनचे चाक खाल्लेले त्यांनी पाहिलेले असते. दोन जातींमध्ये अंतर ठेवावे आणि टेकवणे अटळ असेल तर मध्ये पॉलिएस्टरची पातळ फिल्म घालावी. फळीवर ताजा तैलरंग किंवा व्हिनिलची चादर असेल तर तीही बदलावी.

“कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या की संग्रह सुरक्षित.”

मराठी घरांत लोकरीचे कपडे, रेशमी साड्या आणि जुनी पुस्तके याच गोळ्यांच्या भरवशावर राहिली आहेत. कागदी खोक्यांना झुरळे आणि कसर यांचा धोकाही खरा आहे. पण गोळीतले नॅफ्थॅलिन हवेत विरते आणि त्याची वाफ पॉलिस्टायरिनमध्ये शिरून त्याला मऊ करते. बंद कपाटात ती वाफ साचत जाते. गोळी प्रत्यक्ष टेकली तर नगाचा पृष्ठभाग वितळून तिला चिकटतो. पॅराडायक्लोरोबेंझिनच्या गोळ्याही तितक्याच वाईट, आणि कापूरही सुरक्षित नाही. किडीवर उपाय म्हणजे कोरडेपणा आणि स्वच्छता. खाद्यपदार्थ दूर ठेवावेत, कपाटाच्या फटी बुजवाव्यात आणि दर दोन महिन्यांनी खोके उघडून पाहावेत.

“पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळले की हवा नाही, धोका नाही.”

धूळ आणि ओल बाहेर राहते, म्हणून हे पटते. मऊ पीव्हीसी बंदिस्त ठेवले तर प्लॅस्टिसायझर निसटण्याचा वेग कमी होतो, हेही खरे आहे. चूक पिशवीच्या निवडीत आणि घट्टपणात आहे. पॉलिथिन ते द्रव्य स्वतःत शोषून घेते, व्हिनिलला चिकटते आणि सोडवताना रंग उचलते. त्यासाठी काचेचा किंवा पॉलिएस्टरचा कडक, नगाला न टेकणारा डबा चांगला. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे गणित निराळे आहे. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये पिशवीत बांधलेला खोका आतल्या ओलीसकट बांधला जातो. त्याला बुरशी येते आणि आत स्क्रू किंवा स्प्रिंग असेल तर गंज चढतो. कागदाला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता आणि शक्य तितके स्थिर तापमान मानवते. डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि पावसाळ्यात ते वेळोवेळी बदलावे किंवा तापवून सुकवावे. पोटमाळा टाळावा. रासायनिक विघटनाचा वेग दर दहा अंश सेल्सिअसला ढोबळमानाने दुप्पट होतो आणि पत्र्याखालचा माळा मे महिन्यात किती तापतो हे सर्वांना माहीत आहे.

“काचेच्या कपाटात ऊन लागत नाही, आणि पिवळेपणा तर पेरॉक्साइडने जातोच.”

काच डोळ्यांना संरक्षक वाटते आणि काही प्रमाणात ती तशी असतेही. साधी काच अतिनील प्रकाशातला सर्वांत तीव्र भाग अडवते. मात्र सूर्यप्रकाशात ज्याचे प्रमाण जास्त असते तो लांब तरंगांचा अतिनील भाग तिच्यातून बराचसा आत येतो. रंग उडवणारा दृश्य प्रकाश तर पूर्ण येतो, आणि बंद कपाटात उष्णता साचते. नग खिडकीपासून दूर असावेत आणि दिवे एलईडीचे, गरजेपुरतेच लावावेत. पेरॉक्साइडचे लेपन पृष्ठभागावरचा पिवळा रंग विरंजित करते, म्हणून आधीचे आणि नंतरचे छायाचित्र प्रभावी दिसते. ते प्लॅस्टिकच्या तुटलेल्या साखळ्या परत जोडत नाही. पृष्ठभाग डागाळू किंवा कमकुवत होऊ शकतो आणि पिवळेपणा बहुधा परतून येतो. ही प्रक्रिया केलेला नग विकताना ती सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

“अंधारात चमकते, म्हणजे किरणोत्सारी आहे.”

या भीतीला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण लावत आणि ते रंगवणाऱ्या कामगार स्त्रियांना जीवघेणे आजार झाले. ऑरोराने १९६९ पासून चमकणाऱ्या भागांची किट काढली, तेव्हा वापरात असलेले खेळण्यांचे झिंक सल्फाइड रेडियमशिवायचे होते. ते दिव्याचा प्रकाश साठवून काही मिनिटे परत देते.   जुन्या खेळण्यांत चिंता करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्या काळच्या काही रंगद्रव्यांत आणि पीव्हीसी स्थिर करणाऱ्या द्रव्यांत शिसे आणि कॅडमियम असे. म्हणून हे नग लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत, त्यांना घासकागद लावू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

“नव्याने रंगवला की नग उजळतो आणि किंमत वाढते.”

दुरुस्त केलेले घर महाग विकले जाते, म्हणून हा तर्क सरळ वाटतो. पण कारखान्यात रंगवलेल्या जपानी व्हिनिलच्या बाबतीत फवाऱ्याची जुनी छटा हाच अस्सलपणाचा मोठा पुरावा असतो. तिच्यावर नवा रंग चढला की पुरावा झाकला जातो आणि तो परत मिळवता येत नाही. ऑरोराची किट ग्राहकाने स्वतः रंगवायची होती, म्हणून तिथे मोकळीक जास्त आहे. तरीही नखरंग काढायचे ॲसिटोन वापरून जुना रंग उतरवू नये, कारण ते पॉलिस्टायरिनच विरघळवते. तुटलेला भाग नव्याने घडवला असेल तर तशी चिठ्ठी नगाबरोबर ठेवावी. उघड केलेली दुरुस्ती स्वीकारली जाते. लपवलेली दुरुस्ती पुढच्या खरेदीदाराची फसवणूक ठरते.

ज्यांच्या घरी असा एखादा नग आहे, त्यांनी एवढे करावे: तो कोणत्या प्लॅस्टिकचा आहे ते आधी ठरवावे, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, खुणा आणि उणिवा लिहून ठेवाव्यात, आणि मगच किंमत विचारावी किंवा कापड हाती घ्यावे. खात्री नसेल तेव्हा नग थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावा. न पुसलेला नग उद्याही पुसता येतो. चुकीच्या द्रावकाने पुसलेला नग पूर्ववत करता येत नाही.